बाळ हसलं म्हणून केस गळत नाहीत

प्रश्न :

ताई, मी २९ वर्षांची, कोल्हापुरात फुलेवाडीत राहते. पहिला मुलगा झालाय, आता साडेचार महिन्यांचा आहे. गरोदरपणात माझे केस इतके दाट झाले होते की वेणीला नेहमीचा रबर पुरायचा नाही. पण गेला महिनाभर डोक्यावरनं पाणी घेतलं की मोरीची जाळी तुंबते. उशीवर केस, भाकरीच्या पिठात केस, बाळाच्या दुपट्यात केस. केसाच्या एका टोकाला पांढरा ठिपका दिसतो, म्हणजे मुळासकटच निघतायत ना? सासूबाई म्हणतात, बाळ हसायला लागलं की आईचे केस जायचेच. जाऊबाई पाण्याला दोष देतात, बुलढाण्यात नाही का गावंच्या गावं टकली झाली, म्हणतात. आई म्हणते, अंगावर पाजणं कमी कर. मैत्रिणीनं बायोटिन सुचवलंय, शेजारणीनं महाद्वार रोडवरनं जडीबुटीचं तेल आणून दिलंय. सगळे केस बारीक कापून टाकू का? बाळाच्याही डोक्याला मागं टक्कल पडलंय, जावळ काढल्यावर दाट येतील ना? आणि जाता जाता : नवरा ३२ वर्षांचा आहे. त्याचे कपाळावरचे केस मागं सरकलेत. तो हेल्मेटला शिव्या देतो.

– एक बाळंतीण

उत्तर :

तुझ्या पत्रात इतक्या जणांवर आळ आलाय की आधी तारखा लावून घेऊ. बाळ साडेचार महिन्यांचं, गळती सुरू होऊन महिना झाला. म्हणजे बाळंतपणानंतर साधारण साडेतीन महिन्यांनी केस सुटायला लागले. पत्रातलं बाकी काही वाचलं नसतं आणि एवढंच कळलं असतं, तरी माझं उत्तर फारसं बदललं नसतं. पण ते उत्तर तुला पटायचं तर केस मुळात उगवतो कसा ते सांगावं लागेल. जरा लांबेल. बाळ झोपेल तेव्हा निवांत वाच.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस कातडीत काही मिलिमीटर खोल गेलेल्या एका बारीक नळीतून वर येतो. नळीच्या तळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सगळ्यांत वेगानं वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. त्या एकीच्या दोन होत राहतात, वर ढकलल्या जातात, त्यांच्यात केराटिन नावाचं प्रथिन ठासून भरतं आणि त्या मरतात. कातडीबाहेर आपण जो केस म्हणून विंचरतो तो सगळा मेलेला भाग. म्हणूनच कापताना दुखत नाही, आणि म्हणूनच वरनं काय वाट्टेल ते चोपडलं तरी तो ‘पोसला’ जात नाही. तळाशी जे घडतं तेच खरं. वाढ महिन्याला साधारण एक सेंटिमीटर, थोडी इकडेतिकडे. या सगळ्या नळ्या आईच्या पोटात असतानाच तयार होतात. जन्मानंतर नवी नळी सहसा होत नाही, आहेत त्याच आयुष्यभर पुरवायच्या.

आता आपल्याकडचंच उदाहरण देते. ऊस तोडला तरी बुडखा रानात राहतो, त्याला फुटवे येतात आणि खोडवा उभा राहतो. केसाचं तसंच आहे. डोक्यावरचा एक केस दोन ते सहा वर्षं वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याचा खालचा भाग आवरला जातो, वाढ थांबते. त्यानंतर साधारण तीन महिने तो नुसता जागेवर बसून असतो. वाढत नाही, पण पडतही नाही. शेवटी तो सुटतो आणि त्याच बुडख्यातनं नवा फुटवा येतो. भुवयांचा वाढीचा काळ जेमतेम काही महिन्यांचा असतो, म्हणून भुवयांची वेणी घालायची वेळ कुणावर येत नाही.

फरक एवढाच, की डोक्यावर सगळा ऊस एकाच हंगामात तुटत नाही. प्रत्येक बुडख्याचं वेळापत्रक वेगळं असतं. एका वेळी दहाएक टक्के केस विश्रांतीत असतात. एक लाखाचे दहा टक्के म्हणजे दहा हजार. ते तीन महिन्यांत, म्हणजे शंभरेक दिवसांत पडायचे. रोजचे झाले शंभर. ‘दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं साहजिक आहे’ असं डॉक्टर सांगतात, त्यामागं हा साधा गुणाकार-भागाकार आहे.

गरोदरपणात इस्ट्रोजेनसारखी संप्रेरकं वाढतात आणि वाढीतल्या केसांचा मुक्काम लांबतो. ज्यांची तोडणी व्हायची ती होत नाही. तुझ्या वेणीला रबर पुरत नव्हता तो नवे केस आले म्हणून नव्हे, जुने गेले नाहीत म्हणून. बाळंतपण झालं की ही संप्रेरकं काही दिवसांत धाडकन खाली येतात आणि तुंबलेले सगळे केस एकदम विश्रांतीत जातात. पण लगेच पडत नाहीत. आपले तीन महिने बसून मगच सुटतात. विश्रांतीतले केस दहाऐवजी तीस टक्के झाले तर रोजचा आकडा शंभरावरून तीनशेवर जातो. मग जाळी तुंबणारच.

केसाच्या टोकाचा पांढरा ठिपका हा याचाच पुरावा. विश्रांती संपवून पडणाऱ्या केसाच्या बुडाला असा छोटा गोळा असतो. ते केसाचं मूळ नाही. मूळ डोक्यातच आहे आणि कामालाही लागलंय. ठिपका दिसला की घाबरायचं नाही, उलट बरं वाटून घ्यायचं.

आता सासूबाई. त्यांचं निरीक्षण चोख आहे. बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की ओळखून हसतं, तीन-चार महिन्यांचं झालं की खिदळायला लागतं. आईचे केस सुटायची वेळ नेमकी तीच. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी जे पाहिलं ते खरंच पाहिलं, फक्त जोडी चुकीची लावली. सासूबाईंना समजावायला गेलीस तर आधी निरीक्षणाचं श्रेय दे आणि मग कारण सांग. उलट्या क्रमानं गेलीस तर घरात वेगळाच विषय निघेल.

एवढं मात्र डोक्यात पक्कं ठेव : केस गळायला लागले की काल काय बदललं ते शोधायचं नाही, तीन महिन्यांमागं काय झालं ते आठवायचं. डेंग्यू, टायफॉइड, मोठं ऑपरेशन, महिनाभर उपाशी राहून उतरवलेलं वजन, घरातलं एखादं मोठं दुःख, या सगळ्यांचा हिशेब केस असाच उशिरा मांडतात. करोनातून उठलेल्या कितीतरी लोकांचे केस दोन-तीन महिन्यांनी गळले, तेव्हाही लोक शाम्पू बदलत बसले होते.

म्हणून जाऊबाईंच्या पाण्याला मी सोडून देते. काळम्मावाडी धरणाचं थेट पाइपलाइनचं पाणी शहरात आलं २०२३ च्या दिवाळीत. ते तुझ्या केसांवर एवढा काळ दबा धरून बसलं नव्हतं. बोअरचं जड पाणी केसाला राठ करतं, गुंता वाढवतं, केस मधेच तुटतो. तसा तुटलेला केस आखूड असतो आणि त्याच्या टोकाला ठिपका नसतो. तुझे केस पूर्ण लांबीचे आहेत, ठिपक्यासकट.

बुलढाण्याची गोष्ट खरी आहे, पण ती वेगळी. २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या काही गावांत लोकांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत हातात यायला लागले. पहिला संशय पाण्यावर गेला, बुरशीवरही गेला. पुढं डॉ. हिंमतराव बावस्करांनी केलेल्या तपासणीत त्या लोकांच्या रक्तात, केसांत आणि ते खात असलेल्या गव्हात सेलेनियम नावाचं खनिज फार जास्त सापडलं. त्यात वेग बघ. विषारी मात्रेतली वस्तू किंवा कर्करोगाची केमोथेरपी नळीच्या तळाशी वाढत असलेल्या पेशींवरच घाव घालते, म्हणून केस काही दिवसांत किंवा आठवड्यांत जातात. तीन दिवसांचं दुखणं आणि तीन महिन्यांचं दुखणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पत्र मिळालं तर जाऊबाईंनाही वाचायला दे.

आईचा सल्ला मात्र अजिबात ऐकू नकोस. अंगावर पाजल्यानं केस गळत नाहीत. वरचं दूध देणाऱ्या आयांचेही याच सुमारास गळतात. केसांसाठी बाळाचं दूध तोडणं हा तोट्याचा सौदा आहे.

पुढं काय होणार ते सांगते. बाळंतपणानंतर चौथ्या महिन्याच्या आसपास गळतीचा कळस असतो, मग ती ओसरते. बहुतेकींची घडी बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत बसते. त्याआधी कपाळाच्या कडेला आणि कानांवर बोटभर लांबीचे केस उभे राहतील, तेल लावून कितीही चापून बसवले तरी. ते तुटलेले केस नाहीत, नवे फुटवे आहेत. एक गोष्ट मात्र आत्ताच ऐकून ठेव, म्हणजे नंतर हिरमुसणार नाहीस. गळती थांबली म्हणजे वेणी लगेच जाड होत नाही. महिन्याला एक सेंटिमीटर या हिशेबानं आज उगवलेला केस खांद्याखाली यायला अडीच-तीन वर्षं लागतात. डोकं आधी भरतं, वेणीचं टोक सावकाश.

याच कारणानं शेजारणीच्या तेलाबद्दल माझा राग आहे. तेलावर नाही, त्याच्या जाहिरातीवर. तू ते तेल सहाव्या महिन्यात सुरू केलंस तर नवव्या महिन्यात नवे केस दिसतील. कांद्याचा रस सुरू केलास तरी दिसतील. काहीच नाही केलंस तरी दिसतील. पण बाटली हातात असेल तर श्रेय बाटलीला जातं, आधीचा-नंतरचा फोटो निघतो आणि पुढची बाळंतीण पाचशे रुपये मोजते. साधं खोबरेल लाव. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय संशोधकांच्या अभ्यासात खोबरेल तेलानं केसातलं प्रथिन धुऊन जाणं कमी होतं असं दिसलं. सूर्यफुलाच्या तेलानं आणि मिनरल ऑइलनं तसा फायदा दिसला नाही. म्हणजे खोबरेल आहे तो केस सांभाळतं, त्यानं नवा उगवत नाही. सासूबाई डोकं चोळून द्यायला तयार असतील तर मात्र नाही म्हणू नकोस. तेवढीच अर्ध्या तासाची विश्रांती.

बायोटिनचा तुटवडा नीट जेवणाऱ्या माणसाला क्वचितच होतो, त्यामुळं त्या गोळ्यांनी बहुधा काहीच होणार नाही. पण एक घोळ होऊ शकतो : मोठ्या मात्रेतल्या बायोटिनमुळं थायरॉइडसारख्या रक्ततपासण्या चुकीच्या येऊ शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली तसा इशारा दिला होता. गोळ्या सुरू केल्याच असशील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांग.

आणि तपासणी करच. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात काही बायकांची थायरॉइड ग्रंथी बिघडते. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी सहन न होणं ही लक्षणं आपण ‘बाळंतीण आहे, चालायचंच’ म्हणून सोडून देतो. दुसरं लोह. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला, आणि बाळंतपणात रक्त जातं ते वेगळंच. हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी) एवढ्या तीन तपासण्या पुरेत. खासगीत परवडत नसेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात जा, तिथं त्वचारोगाची ओपीडी आहे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिलेल्या असतील आणि त्या कपाटात पडून असतील, तर सगळ्यांत स्वस्त केशवर्धक तुझ्या कपाटात आहे.

खाण्याचं फार पुराण लावत नाही. अळिवाचे लाडू खा, पण चहाबरोबर नको, चहा लोह अंगी लागू देत नाही. पोकळा, राजगिरा, डाळ, उसळ, वर लिंबू पिळ. वशाट खात असशील तर नुसत्या पांढऱ्या रश्श्यावर समाधान मानू नकोस, ताटलीतलं मटण खा, प्रथिन आणि लोह त्यात आहे. वजन उतरवायच्या नादात जेवण तोडू नकोस. आत्ता तोडलंस तर तीन महिन्यांनी काय होईल ते तुला आता सांगायला नको.

कापायचं म्हणतेस. सोय म्हणून काप, खुशाल काप. कापल्यानं गळती थांबत नाही आणि नवे केस जाड येत नाहीत. नळीला वरचा केस कापल्याचं कळतच नाही. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच अभ्यास करून दाखवून दिलं, की वस्तरा फिरवल्यानं केसाची जाडीही वाढत नाही आणि वेगही. हरिप्रिया एक्सप्रेसनं तिरुपतीला जाऊन केस देऊन आलेल्या माणसाच्या डोक्याला हात लावला की खुंट राठ लागतात, कारण केसाचं निमुळतं टोक जाऊन बोथट टोक उरलेलं असतं. बाळाच्या जावळाचंही तेच. रीत म्हणून, हौसेनं, मामाच्या मांडीवर बसवून काढा. दाट होण्यासाठी नको. वाढत्या वयाबरोबर केस दाट होतात ते आपोआप. आणि मागचं टक्कल? बाळाचे जन्माच्या वेळचे केसही साधारण याच सुमारास विश्रांती संपवून पडतात, डोक्याच्या मागच्या भागाचे तर हमखास. आपण म्हणतो झोपून झोपून घासले. आई आणि लेक, दोघांचं एकाच वेळी चाललंय. त्याला औषध नाही, लागतही नाही.

बाळाच्या दुपट्यात केस येतात असं लिहिलंस, त्यावर मात्र मला थांबायचंय. गळलेला लांब केस बाळाच्या पायाच्या किंवा हाताच्या बोटाला गुंडाळला जातो, क्वचित मुलाच्या लघवीच्या जागेलाही. ओला केस सुकताना आवळतो, बोट सुजतं, रक्तपुरवठा बंद पडू शकतो. हे नेमकं आई केस गाळत असते त्याच महिन्यांत घडतं. रोज अंघोळीला बाळाच्या बोटांच्या बेचक्या बघ, मोजे उलटे करून झटक, पाजताना केस बांधून ठेव. बाळ काही केल्या रडायचं थांबत नसेल तर दृष्ट काढायच्या आधी मोजे काढ. बोट लाल किंवा निळसर, सुजलेलं दिसलं आणि केस सहज निघत नसेल तर घरी कात्री चालवू नकोस, तडक दवाखाना गाठ. कापायचा विचार याच कारणासाठी करणार असशील तर माझा पाठिंबा आहे.

कधी मात्र थांबायचं नाही, तेही लिहिते. रुपयाएवढी गुळगुळीत चकती दिसली तर ती चाई, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांवर उलटते. ती उंदरानं कुरतडल्यानं येत नाही आणि लसूण घासून जात नाही. खाज, खपल्या, पू दिसला, भुवया विरळ झाल्या, भांग दिवसेंदिवस रुंद होत चालला, किंवा बाळ वर्षाचं होऊनही गळती तशीच राहिली, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. अंबाडा फार आवळून घालत असशील तर तो सैल कर. कपाळाच्या कडेचे केस सतत ताणल्यानं कायमचे जाऊ शकतात.

राहिला नवरा. हेल्मेट निर्दोष आहे. कोल्हापुरात हेल्मेट न घालायला कारणं कमी पडत नाहीत, त्यात हे एक नको. त्याचं दुखणं तुझ्यापेक्षा अगदी वेगळं आहे. तुझे केस एकदम गेले आणि परत येतील. त्याची एकेक नळी वर्षावर्षाला बारीक होत चालली आहे. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं, आणि आनुवंशिक कल असलेल्यांच्या कपाळावरच्या आणि टाळूवरच्या नळ्या त्याला दबतात. केसाचा वाढीचा काळ दर फेरीला आखूड होतो, केस लव होऊन जातो. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९४२ साली दाखवलं, की वयात येण्याआधीच वृषण काढलेल्या पुरुषांना असं टक्कल पडत नाही, पण त्यातल्या घराण्यात टक्कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं की पडायला लागतं. हे वडिलांकडून येतं आणि आईकडूनही. त्यामुळं सासऱ्यांकडं किंवा आजेसासऱ्यांकडं बोट दाखवून उपयोग नाही.

त्याला औषधं आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून त्याचं डोक्याला लावायचं औषध झालं, अमेरिकेत त्याला १९८८ साली मान्यता मिळाली. लावायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस जास्तच गळतात, कारण विश्रांतीतले केस लवकर सुटतात. बहुतेक जण नेमके तिथंच घाबरून सोडतात. फायदा कळायला चार ते सहा महिने द्यावे लागतात आणि सोडलं की मिळवलेलं जातं. दुसरं फिनॅस्टेराइड, डीएचटी बनणं कमी करणारी गोळी. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय नको, काहींना लैंगिक तक्रारी होतात. तू मात्र दोन्हींपासून लांब राहा. पाजतेस तोवर मिनॉक्सिडिल आपल्या मनानं लावायचं नाही, आणि फिनॅस्टेराइडची फुटलेली गोळी पुढच्या गरोदरपणात हातातही घ्यायची नाही, पोटातल्या मुलग्याला अपाय होऊ शकतो.

ही औषधं जेवढ्या लवकर सुरू होतील तेवढं बरं, कारण ती उरलेले केस टिकवण्यात पटाईत आहेत, गेलेले परत आणण्यात कमी. तेव्हा नवऱ्याला म्हणावं, हेल्मेट घाल आणि त्याच गाडीवरनं त्वचारोगतज्ज्ञांकडं जाऊन ये.